अर्थशास्त्र आणि जागतिक राजकारण कसे शिकवावे? साक्रीच्या शिक्षक-पालकांसाठी पाठसाहित्य

साक्री : दहावीनंतर कला शाखेत प्रवेश घेतला की अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे दोन विषय बहुतेक मुलामुलींच्या वाट्याला येतात. आपल्या घरांतल्या मुली तर मोठ्या संख्येने याच शाखेत जातात. पण हे विषय शिकायचे म्हणजे काय, तर परीक्षेआधी गाईड आणायचे आणि व्याख्या पाठ करायच्या. 'निर्यात शुल्क म्हणजे काय' या प्रश्नाचे दोन गुण मिळवणारी मुलगी, अब्बांनी चाळीतला कांदा का रोखून धरलाय ते सांगू शकत नाही. चूक तिची नाही. पुस्तकातला धडा आणि घरातला हिशोब यांची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

ही गाठ घालायला महागडे साहित्य लागत नाही. साक्रीचा बाजार, खान्देशची कपाशी आणि आखातातून येणारे पैसे एवढ्यावर चांगले पाठ उभे राहतात. असे चार पाठ आणि लागणारे मोफत साहित्य खाली दिले आहे. शाळेत, कॉलेजात किंवा मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेतही ते घेता येतील.

पुस्तकात काय आहे?

सुरुवात बालभारतीच्या पुस्तकापासूनच करावी. नववीच्या राज्यशास्त्रात भारताच्या परराष्ट्र धोरणाची वाटचाल, संयुक्त राष्ट्रे, भारत व अन्य देश असे धडे आहेत. नववीच्या भूगोलात अर्थशास्त्राची ओळख आणि व्यापार आहे. बारावीच्या अर्थशास्त्रात मागणी, पुरवठा, निर्देशांक आणि भारताचा विदेशी व्यापार, तर बारावीच्या राज्यशास्त्रात १९९१ नंतरचे जग, जागतिकीकरण आणि भारत व जग हे भाग येतात. पुस्तकात मुद्दे आहेत, फक्त त्यांना आपल्या गावचे उदाहरण जोडायचे आहे.

पाठ पहिला : कांदा आणि निर्यातबंदी

साक्री-पिंपळनेर पट्ट्यात कांदा न पाहिलेले मूल सापडणार नाही. फळ्यावर फक्त तारखा लिहा :

– १९ ऑगस्ट २०२३ : कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क.
– २८ ऑक्टोबर २०२३ : टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली परदेशी विकायचा नाही.
– ८ डिसेंबर २०२३ : निर्यातबंदी.
– ४ मे २०२४ : बंदी उठली. किमान मूल्य ५५० डॉलर आणि शुल्क ४० टक्के.
– १३ सप्टेंबर २०२४ : किमान मूल्य रद्द, शुल्क २० टक्के.
– १ एप्रिल २०२५ : शुल्क शून्य.

आता हिशोब करायला द्या. मे २०२४ मध्ये डॉलर ८३ रुपयांचा धरला तर ५५० डॉलर म्हणजे टनाला ४५,६५० रुपये. त्यावर ४० टक्के शुल्क १८,२६० रुपये. एकूण ६३,९१० रुपये, म्हणजे किलोला जवळपास ६४ रुपये, आणि जहाजाचे भाडे अजून वेगळेच. दुबईच्या व्यापाऱ्याला पाकिस्तान, चीन किंवा इजिप्तचा कांदा स्वस्त मिळत असेल तर तो आपला का घेईल? 'बंदी उठली' असे ऐकूनही बाजारात भाव लगेच का उसळत नाही, हे मुलांना इथे कळतं. शुल्क २० टक्के झाले तर हाच आकडा किती होतो, ते त्यांनीच काढावे.

याच पाठात जागतिक राजकारणही आहे. बंदी चालू असताना सरकारने काही मित्रदेशांना ठरावीक कांदा देण्याची परवानगी दिली. मार्च २०२४ च्या सुरुवातीला बांगलादेशसाठी ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन मंजूर झाले. हा माल एनसीईएल या सहकारी निर्यात संस्थेमार्फत जायचा होता. म्हणजे कांदा फक्त भाजी राहिला नाही, शेजाऱ्याशी संबंध ठेवण्याचे साधन झाला. धुळे मतदारसंघात लोकसभेचे मतदान २० मे २०२४ रोजी झाले. बंदी उठल्याची तारीख त्याच्या शेजारी लिहा आणि मुलांना विचार करू द्या. निष्कर्ष शिक्षकाने सांगायचा नाही.

शेवटी वर्गाचे चार गट करा : कांदा उत्पादक, निर्यातदार, शहरात कांदा विकत घेणारी गृहिणी आणि सरकार. प्रत्येकाने पाच मिनिटांत आपली बाजू मांडावी. गृहिणीची बाजूही खरी आहे, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजले की मागणी-पुरवठ्याचा धडा निम्मा झाला.

पाठ दुसरा : कपाशी, दीडशे वर्षांपूर्वी आणि आज

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना. त्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवले. मुंबईत कापसाचे भाव चढले आणि खान्देशात शेतकऱ्याने कपाशीचा पेरा वाढवला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या शेअर बाजारात अनेकांचे दिवाळे निघाले. ज्या लढाईत आपला कुणी माणूस नव्हता, तिने आपल्या शेताचा भाव ठरवला.

आता २०२५ घ्या. रशियाकडून तेल घेतल्याचे कारण देऊन अमेरिकेने भारतीय मालावर जादा शुल्क लावले आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून बऱ्याच मालावरचे एकूण शुल्क ५० टक्क्यांवर गेले. कपड्यांच्या निर्यातदारांना धक्का बसला. त्याच सुमारास केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले. ही माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा हा हेतू. शेतकऱ्याची तक्रार अशी, की नेमका आमचा माल बाजारात यायच्या वेळी बाहेरचा कापूस आत का? त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. खुला भाव त्याखाली गेला तर भारतीय कापूस महामंडळाकडे विकण्याचा पर्याय असतो, पण त्यासाठी नोंदणी आणि मालाची प्रत लागते.

मुलांना कागदावर बाण काढायला सांगा : रशियाचे तेल, अमेरिकेचे शुल्क, कपड्याचा कारखाना, सूतगिरणी, जिनिंग, आपले शेत. मध्ये मालेगाव-धुळ्याचे यंत्रमागही येतात, कारण सुताचा भाव तिथेही पोहोचतो. त्यानंतर शुल्कांत काय बदल झाले, ते विद्यार्थ्यांनी बातम्यांतून शोधून तारखेसह वहीत लिहावे.

पाठ तिसरा : दिरहम, रियाल आणि डॉलर

आपल्यापैकी अनेक घरांतला कुणी ना कुणी दुबई, सौदी किंवा कुवेतला असतो. पैसे आले की घरात पहिला प्रश्न, 'आज रेट काय?' हाच विनिमय दराचा धडा.

सौदी रियाल १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून ३.६७२५ दराने बांधलेला आहे. म्हणून रुपयाच्या तुलनेत डॉलर वर गेला की दिरहम आणि रियाल आपोआप वर जातात. २०२४ च्या सुरुवातीला डॉलर साधारण ८३ रुपयांना होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ८८ च्या पुढे गेला. हिशोब असा :

– ८३ च्या दराने २,००० दिरहम म्हणजे सुमारे ४५,२०० रुपये. ८८ च्या दराने सुमारे ४७,९०० रुपये. घरी सुमारे २,७०० रुपये जास्त आले.
– पण हजला जाणाऱ्या दादी-नानीसाठी ५,००० रियाल घ्यायचे असतील तर ८३ च्या दराने सुमारे १,१०,७०० रुपये आणि ८८ च्या दराने सुमारे १,१७,३०० रुपये. साडेसहा हजारांवर रक्कम जास्त गेली.

एकाच घरात, एकाच कारणाने एकीकडे फायदा आणि दुसरीकडे तोटा. शिवाय भारत कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो आणि खाद्यतेलही निम्म्याहून जास्त बाहेरून येते. रुपया घसरला की हे सगळे महाग पडते. नकाशावर होर्मुझची सामुद्रधुनी दाखवा. तिथे तणाव वाढला की साक्रीतल्या ट्रॅक्टरवाल्याला डिझेलची काळजी का वाटावी, हे वेगळे समजवावे लागत नाही.

पाठ चौथा : संयुक्त राष्ट्रांत मत कसे पडते?

गाझाचे व्हिडिओ मुलं मोबाईलवर रोज पाहतात आणि विचारतात, 'सगळी दुनिया बोलतेय, तरी युद्ध थांबत का नाही?' हा प्रश्न टाळू नये. त्याचे उत्तर नववीच्या संयुक्त राष्ट्रांच्या धड्यात आहे.

सुरक्षा परिषदेत १५ सदस्य असतात. त्यांपैकी अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स हे पाच कायम सदस्य असून त्यांना नकाराधिकार आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी गाझात युद्धविरामाच्या ठरावाला १३ मते मिळाली, ब्रिटन तटस्थ राहिला आणि अमेरिकेने नकाराधिकार वापरला. ठराव पडला. चारच दिवसांनी, १२ डिसेंबरला, आमसभेत तशाच मागणीचा ठराव १५३ विरुद्ध १० मतांनी मंजूर झाला, २३ देश तटस्थ राहिले. पण आमसभेचा असा ठराव देशांवर बंधनकारक नसतो. २७ ऑक्टोबर २०२३ च्या आमसभेतील ठरावावर भारत तटस्थ होता, १२ डिसेंबरला भारताने बाजूने मत दिले. दोन्ही वेळी भारताच्या प्रतिनिधीने काय भूमिका मांडली, ती वाचून मुलांनी फरक लिहावा. फॉरवर्ड आलेल्या मेसेजपेक्षा मतांचा आकडा आणि अधिकृत निवेदन वाचायची सवय लागली, तर तीच खरी कमाई.

गावातलेच एक उदाहरण

साक्रीजवळ शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेचे कर्ज मिळाले. तिथे सहल न्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत. जर्मनीला इथे कर्ज देण्यात काय रस? परकीय चलनातले कर्ज फेडताना रुपया घसरला तर काय होते? आणि प्रकल्पाने आसपासच्या गावांना काय मिळाले, काय गेले?

मोफत साहित्य कुठे मिळेल?

– ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, आणि दीक्षा ॲपवर पुस्तकांतील क्यूआर कोडचे साहित्य.
– राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव, मराठीत. महिनाभर कांद्याचा भाव उतरवून आलेख काढता येतो.
– 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' हा दरवर्षी अर्थसंकल्पाआधी येणारा अहवाल, मराठीत.
– केंद्राच्या निर्णयांसाठी पत्र सूचना कार्यालयाची मराठी निवेदने.
– चलनाच्या दरासाठी रिझर्व्ह बँकेचे संकेतस्थळ.

उर्दू माध्यमातून येणाऱ्या मुलांसाठी

दहावीपर्यंत उर्दूत शिकून अकरावीला मराठी वर्गात बसणाऱ्या मुलाला विषय अवघड नसतो, शब्द अडतात. त्याला 'तलब' आणि 'रसद' माहीत असते, मागणी आणि पुरवठा हे शब्द नवे असतात. पहिल्याच आठवड्यात अशी यादी वहीच्या मागच्या पानावर करून द्यावी : मआशियात म्हणजे अर्थशास्त्र, सियासियात म्हणजे राज्यशास्त्र, दरआमद म्हणजे आयात, बरआमद म्हणजे निर्यात, इफ्राते-जर म्हणजे चलनवाढ. नववी-दहावीची बालभारतीची पुस्तके उर्दूतही आहेत. एकच धडा दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचला की यादी आपोआप वाढत जाते.

वर्गात घेताना काळजी

घरी किती पैसे येतात, कुणावर किती कर्ज आहे, हे वर्गात कुणालाही विचारू नये. हिशोबाला वरच्यासारखे मानलेले आकडे घ्यावेत. कोणत्याही पक्षाची बाजू घेऊ नये, तारीख आणि आकडा समोर ठेवावा. एका तासिकेत एकच पाठ, आणि शेवटची दहा मिनिटे मुलांच्या प्रश्नांना.

पालकांसाठी एवढेच. आज घरात कांदा, कापूस किंवा रेटचा विषय निघाला की मुलांना 'तू अभ्यास कर' म्हणून उठवू नका. तिथेच बसवा आणि हिशोब त्यांच्याकडून करून घ्या. बारावीची परीक्षा तर त्यांना द्यायचीच आहे, पण उद्या माल विकायचा की थांबायचा हा निर्णयही त्यांनाच घ्यायचा आहे.