नाव शॅम्पेनचे, हक्क कोणाचा?

मद्याच्या बाटलीवरील निबंध या पानांत कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात उभा राहील, आणि तो गैर नाही. ज्यांच्या घरी तीर्थ म्हणजे पळीभर पाणी व तुळशीचे पान, त्यांना फ्रान्सच्या फेसाळ द्राक्षासवाचे काय कौतुक? प्रस्तुत लेखकास या बाटलीचे आकर्षण आहे ते तिच्यातील द्रवामुळे नव्हे, तर तिच्यावर चिकटविलेल्या कागदामुळे. त्या कागदावरील एका शब्दासाठी घरे जळाली, सैन्य आले आणि निरनिराळ्या देशांची न्यायालये राबली. हा शब्द एका प्रदेशाचे नाव आहे. प्रदेशाच्या रेषेवरून माणसे किती पेटतात हे बेळगाव-निपाणीच्या वाचकास मी निराळे सांगावयास नको.

शॅम्पेन हा पॅरिसच्या ईशान्येस असलेला प्रांत. रॅंस आणि एपर्ने ही त्याची दोन प्रमुख व्यापारी नगरे. भूमी खडूमिश्रित, हवा थंड. पूर्वी हिवाळा पडला की पिंपांतील आंबण्याची क्रिया अर्धवट थांबे आणि वसंतात पुन्हा सुरू होई. त्यातून उत्पन्न होणारा वायू हा आरंभी दोष मानला जात असे. दोम पेरिन्यों नावाच्या बेनेडिक्टाइन साधूने हे फेसाळ मद्य शोधून काढले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तो १६६८ पासून ओव्हिलेरच्या मठात कोठारप्रमुख होता आणि १७१५ मध्ये वारला, इतके खरे. परंतु द्राक्षांची पारख व निरनिराळ्या मळ्यांच्या रसांचे मिश्रण यांत त्याची कर्तबगारी होती. फेस त्याला नकोच होता. उलट, मद्यात साखर घालून ते फेसाळ करण्याची युक्ती ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रजाने १६६२ मध्येच रॉयल सोसायटीपुढे सांगितली होती. संतांच्या नावावर चमत्कार जमा करण्याची खोड केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

पुढे या दोषाचे शास्त्र झाले. तयार मद्य बाटलीत भरून त्यात थोडी साखर व किण्व घालावयाचे, बूच मारावयाचे आणि थंड तळघरात आडवे ठेवावयाचे. बाटलीच्या पोटात दुसऱ्यांदा आंबण होते व सुमारे सहा वातावरणांचा दाब निर्माण होतो. साठलेला गाळ काढण्यासाठी बाटल्या तिरप्या लावून रोज थोड्या फिरविण्याची रीत बार्ब निकोल क्लिको या विधवेच्या पेढीत १८१६ च्या सुमारास सिद्ध झाली. पतीच्या मृत्यूनंतर सत्ताविसाव्या वर्षी तिने व्यवहार हाती घेतला होता. फ्रेंच भाषेत विधवेला ‘व्हव’ म्हणतात. ते वैधव्यच आज त्या पेढीचे जगप्रसिद्ध नाव आहे.

आता ज्यांना परदेशी व्यापाऱ्यास किंवा पाहुण्यास अशी बाटली भेट द्यावी लागते, आणि निपाणीच्या व बेळगावच्या उद्योजकांत असे गृहस्थ पुष्कळ आहेत, त्यांनी लेबल दस्तऐवजाप्रमाणे वाचावे. पहिला प्रश्न गोडीचा. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरला बारा ग्रॅमहून कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ या शब्दांनी फसू नये. त्यात बारा ते सतरा ग्रॅम साखर असते, म्हणजे ते ब्रूटहून गोडच. ‘सेक’ याचा शब्दार्थ कोरडे, परंतु साखर सतरा ते बत्तीस ग्रॅम. ‘दमी-सेक’ त्याहून गोड. हा घोळ इतिहासाने घातला आहे. एकोणिसाव्या शतकात रशियासारख्या बाजारपेठांना अतिगोड मद्य लागे, त्या मानाने हे शब्द ठरले. १८७४ मध्ये पोमरी पेढीने, तीही एका विधवेचीच, इंग्रज गिऱ्हाइकांसाठी कोरडे ब्रूट प्रचारात आणले. दुसरा प्रश्न वर्षाचा. बाटलीवर साल नसेल तर ते अनेक वर्षांच्या मद्यांचे मिश्रण असते व निदान पंधरा महिने मुरलेले असते. साल असेल तर निदान तीन वर्षे. तिसरी खूण बारीक अक्षरांतील: ‘एन एम’ म्हणजे द्राक्षे विकत घेऊन मद्य करणारी पेढी, ‘आर एम’ म्हणजे स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांचे मद्य करणारा शेतकरी. भेट घेणारा रसिक असेल तर शेतकऱ्याची बाटली त्यास अधिक आवडण्याचा संभव आहे, आणि ती बहुधा स्वस्तही पडते. सामान्य पाहुण्यास मात्र पेढीच्या नावाचाच आनंद असतो.

अतिमहाग बाटल्यांची कथा निराळी. १८७६ मध्ये रोदेरेर पेढीने रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी पारदर्शक काचेची, सपाट तळाची बाटली बनविली. खोलगट तळात बॉम्ब दडविता येऊ नये म्हणून तळ सपाट केला असे सांगतात. तेच ‘क्रिस्ताल’. ‘दोम पेरिन्यों’ हे त्या साधूच्या नावाचे मद्य मोएत पेढीने १९२१ च्या द्राक्षांचे करून १९३६ मध्ये विक्रीस काढले. येथे मोल रसाचे थोडे व नावाचे अधिक, असे माझे मत आहे.

या नावाचाच कज्जा पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी फिलॉक्सेरा या किडीने मळे पोखरले, १९१० चे पीक जवळजवळ हातचे गेले, आणि काही व्यापारी बाहेरच्या प्रांतांतील स्वस्त मद्य आणून त्यावर शॅम्पेनचे नाव चिकटवू लागले. त्यास आळा घालण्यासाठी सरकारने १९०८ मध्ये शॅम्पेनची हद्द आखली. मार्न जिल्हा आणि एनचा काही भाग आत आला. दक्षिणेचा ओब जिल्हा बाहेर राहिला. वास्तविक ओबमधील त्रॉय ही शॅम्पेनच्या जुन्या सरदारांची राजधानी. ज्यांच्या नगरीवरून प्रांताचा इतिहास सांगावयाचा, तेच शॅम्पेनचे नव्हेत असे एका कागदाने ठरले.

जानेवारी १९११ मध्ये मार्नच्या शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांच्या गाड्या अडवून बाहेरचे मद्य नदीत ओतले. एप्रिलमध्ये ओबच्या शेतकऱ्यांनी त्रॉय येथे प्रचंड मोर्चा काढला. सरकार डगमगले, सीमा रद्द करावी असा कल सेनेटने दाखविला मात्र, मार्नचे शेतकरी खवळले आणि ११ व १२ एप्रिल रोजी आई या गावी त्यांनी व्यापाऱ्यांची घरे व कोठारे जाळली. सैन्य बोलवावे लागले. जूनमध्ये तोडगा निघाला तो असा की ओबच्या मद्यास ‘शॅम्पेन, दुसरा विभाग’ म्हणावे! ज्याला आपल्या घरात दुय्यम म्हणून राहावयास सांगितले जाते, त्याला याहून घराबाहेर काढलेले परवडते. १९२७ च्या कायद्याने ‘दुसरा विभाग’ हे शब्द गेले व ओबला पूर्ण हक्क मिळाला. आज शॅम्पेनच्या सुमारे चौतीस हजार हेक्टर मळ्यांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक ओबमध्ये आहेत.

देशातील तंटा मिटल्यावर परदेशांशी सुरू झाला. लंडनमध्ये एक कंपनी ‘स्पॅनिश शॅम्पेन’ या नावाने स्पेनचे फेसाळ मद्य विकत असे. १९५८ मध्ये तिच्यावर भरलेला फौजदारी खटला फसला. मग बोलिंजर आदी पेढ्यांनी दिवाणी दावा आणला व १९६० आणि १९६१ च्या निर्णयांत न्यायमूर्ती डँकवर्ट्‌स यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. या निकालाचे महत्त्व आम्हा वकिलांना विशेष वाटते. तोवर नावाचा लौकिक एका व्यापाऱ्याचा असे. येथे तो एका प्रदेशातील सर्व उत्पादकांचा सामाईक ठरला आणि त्यांपैकी कोणासही दाद मागता येईल असे मानले गेले. आपल्या एकत्र कुटुंबाच्या कल्पनेशी परिचित असलेल्यास यात नवल वाटू नये.

आपल्या भागात या काळी काय चालले होते? बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा येथे लागू होता. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त पदार्थांसंबंधीची काही कलमे रद्द केली, परंतु बंदी कायम ठेवली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तथापि राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमाने जुने कायदे जागच्या जागी राहिले. म्हणजे मुंबई गेली, मुंबईची दारूबंदी मात्र राहिली. आणि चोर्ल्याचा घाट उतरला की १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल. तेथे मद्य उघड्या दुकानात. एकाच कुळाची माणसे, एकाच कुलदेवतेची लेकरे, घाटाच्या वर गुन्हेगार व खाली गिऱ्हाईक ठरत.

महाराष्ट्रात हे मद्य तयार झाले ते पुढे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हाइडसीक पेढीचे तांत्रिक साहाय्य घेऊन १९८० च्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ मद्य काढले, आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ते युरोपात विकून दाखविले. हे साहस मोठे होते. त्याचे श्रेय मराठी माणसाने मनमोकळेपणे द्यावयास हवे. कंपनीच्या नावात मात्र ‘शॅम्पेन’ हा शब्द होता. पुढे तो गेला व ‘इंडेज व्हिंटनर्स’ हे नाव आले. त्यानंतर कंपनी कर्जात रुतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. याच न्यायालयाने १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रवरा सहकारी साखर कारखान्यास व्हिस्कीच्या लेबलावर ‘स्कॉच’ शब्दाचा लाभ उठविण्यास मनाई केली होती, आणि त्या मागे विचारसरणी होती ती स्पॅनिश शॅम्पेनच्या निकालाचीच.

भौगोलिक उपदर्शनांचा आपला कायदा १९९९ मध्ये झाला व सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात शॅम्पेनचे नावही नोंदलेले आहे. परिणाम दिंडोरीस पाहावा. ज्या मोएत पेढीचे शॅम्पेन जगभर जाते, तिच्याच समूहाने २०१३ मध्ये नाशिक जिल्ह्यात ‘शाँदों’ हे मद्य सुरू केले. द्राक्षे येथील, कारागिरी तिकडची, पण लेबलावर ‘स्पार्कलिंग वाइन’ एवढेच. भारतीय ग्राहकाने ही बाटली निःसंकोच घ्यावी. परदेशी मद्यावरील दीडशे टक्क्यांची जकात अनेक वर्षे अशी होती की किमतीचा मोठा हिस्सा फेसावर नव्हे, सरकारी तिजोरीवरच खर्च होई.

फेणीचे तसेच. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीची नोंदणी झाली. दोडामार्गात तोच काजू, तीच भट्टी, परंतु नाव फेणी घेता येत नाही. कोंकणी बोलणाऱ्या आपल्या बांधवांपैकी पलीकडचे यावर सुखी आहेत, अलीकडचे नाहीत.

याच्या उलट उदाहरण आपल्या पायांत आहे. कोल्हापुरी चप्पल अथणीत होते, निपाणीच्या आसपासही होते. पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावून, हाताने शिवून. नाव कोल्हापूरचे म्हणून हक्कही महाराष्ट्राचाच असे कोणी म्हटले असते, तर अथणीचे कारागीर ओबच्या शेतकऱ्यांच्या ओळीत उभे राहिले असते. तसे झाले नाही. २०१८ च्या अखेरीस झालेल्या नोंदणीत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे महाराष्ट्राचे, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार कर्नाटकाचे आले. (आमचा जिल्हा २०१४ पासून सरकारदरबारी ‘बेळगावी’ झाला, हा नावाचा आणखी एक कज्जा, तो येथे नको.) एकाही जिल्ह्यापुढे ‘दुसरा विभाग’ असे लिहिलेले नाही. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन पेढीने तशाच वहाणा मांडल्या तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. न्यायालयाने ती फेटाळताना दाद मागण्याचा अधिकार नोंदणीधारकांचा आहे असे सांगितले. ते धारक दोन आहेत, दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे: एकाची कचेरी मुंबईस, दुसऱ्याची बंगळुरास.