पाठभेद, आवृत्तिनियंत्रण आणि स्वयंचलित प्रकाशन : एक ऐतिहासिक टिपण

आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वरांची पालखी नीरास्नानानंतर लोणंद येथे मुक्कामास येते. तेथे वारकऱ्यांच्या हाती दिसणाऱ्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींमागे पाठांचा दीर्घ इतिहास आहे. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी प्रतींतील पाठभेद पाहून ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, असे बजावले. प्रत शुद्ध झाली. परंतु कोणता पाठ काढला, कोणता ठेवला आणि का, याची नोंद आपल्या हाती आलेली नाही. इ. स. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली, तिचे महत्त्व याच उणिवेत आहे. शुद्ध प्रत आणि शुद्धीचा हिशेब या दोन भिन्न गोष्टी होत. संकेतस्थळांच्या निर्मितीत आज रूढ असलेले आवृत्तिनियंत्रण म्हणजे हा हिशेब ठेवण्याची रीत होय; तिचा विकास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला तो स्वतःच्या चुकीमुळे. लोणंदच्या कांदाबाजारातील व्यापारी व हमाल यांच्याकडून गोळा केलेली शब्दसूची आम्ही संकेतस्थळासाठी सिद्ध करीत होतो. दोघा साहाय्यकांनी तीच फाइल आपापल्या संगणकावर दुरुस्त केली. मागाहून आलेली फाइल मी आधीच्या फाइलीवर चढवली आणि पहिल्याने नोंदवलेले काही उच्चार नाहीसे झाले. ते सांगणारे वृद्ध हमाल तोवर निवर्तले होते.

संगणकशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. इ. स. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी ‘एससीसीएस’ ही प्रणाली रचली. पुढील दशकाच्या आरंभी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी ‘आरसीएस’ सिद्ध केली. तीत अखेरची प्रत संपूर्ण ठेवून मागील प्रती केवळ फरकांच्या रूपाने जतन होत. या दोन्ही प्रणालींत सामान्यतः एकाने फाइल संपादनास घेतली की इतरांना ती कुलूपबंद होई. पोथी एकाच्या हाती असेपर्यंत दुसऱ्याने थांबावे, असा हा व्यवहार होता. इ. स. १९८६ मध्ये डिक ग्रून यांनी आरंभिलेल्या ‘सीव्हीएस’ने अनेकांना एकाच वेळी काम करून मागाहून बदल एकत्र करण्याची मुभा दिली. तिची जागा घेण्यासाठी इ. स. २००० मध्ये ‘सबव्हर्जन’चे काम सुरू झाले.

लिनक्सच्या रचनाकारांना ‘बिटकीपर’ या प्रणालीचा मोफत वापर बंद झाल्यावर एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहिली. येथे प्रत्येकाच्या प्रतीत सारा पूर्वेतिहास असतो. प्रत्येक नोंदीची खूण तिच्या आशयावरून आणि तिच्या आधीच्या नोंदीवरून काढली जाते. त्यामुळे जुन्या नोंदीत गुपचूप फेरफार केल्यास पुढच्या सर्व खुणा बदलतात. दोन प्रती एकत्र करताना ‘गिट’ त्यांची समान पूर्वज-प्रत शोधते व तिच्याशी दोन्ही ताडून पाहते. पाठचिकित्सक हेच करतो. भेद एवढाच की त्याला पूर्वज-प्रत अनुमानाने उभी करावी लागते, यंत्राजवळ ती नोंदलेली असते. मात्र एकाच ओळीत दोघांनी भिन्न बदल केले असतील, तर यंत्र थांबते. ग्राह्य पाठ कोणता, हे त्याला कळत नाही.

यापुढची पायरी स्वयंचलित प्रकाशनाची, ज्याला व्यवहारात डिप्लॉयमेंट म्हणतात. पूर्वी संकेतस्थळाच्या फाइली हाताने सर्व्हरवर चढवीत. त्यात एखादी राहून जाई, एखादी जुनीच चढे. आता मुख्य शाखेत बदल स्वीकारला गेला की ठरलेल्या चाचण्या आपोआप होतात आणि त्या उतरल्यास नवी आवृत्ती प्रकाशित होते. पूर्वी हडसन म्हणून ओळखली जाणारी व इ. स. २०११ पासून जेनकिन्स या नावाने चाललेली प्रणाली याच कामासाठी प्रसिद्ध आहे.

मराठीपुरते याचे उत्तम उदाहरण म्हणजे इ. स. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया. त्यातील प्रत्येक लेखास ‘इतिहास’ जोडलेला असून कोणता शब्द कोणी, केव्हा बदलला हे तेथे पाहता येते. त्यामागील मीडियाविकी या प्रणालीचा विकास इ. स. २०१२ मध्ये ‘सबव्हर्जन’वरून ‘गिट’कडे आला. तिच्या पडद्यावरील मराठी शब्द स्वयंसेवक ‘ट्रान्सलेटविकी’वर ठरवतात, ते ‘गिट’च्या भांडारात जातात व तेथून नियमित प्रकाशनाद्वारे वाचकांपर्यंत पोहोचतात. भाषेच्या अभ्यासकास परिभाषा घडत असतानाचे असे दिनांकित साधन पूर्वी क्वचितच मिळत असे.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. पोथीतील अपपाठ नकलेगणिक सावकाश पसरे; छापील ग्रंथास शुद्धिपत्र जोडता येई. स्वयंचलित प्रकाशनात चुकीचा शब्द काही मिनिटांत सर्वांपुढे येतो. ‘गिट’मुळे तो मागे घेता येतो हे खरे, पण तो चुकीचा आहे हे ओळखणारा जाणकार प्रकाशनापूर्वीच नेमलेला असावा. तसेच प्रत्येक बदलासोबत त्याचे कारण लिहिण्याची जी जागा असते, ती रिकामी सोडू नये. काय बदलले हे यंत्र सांगेल. का बदलले हे लिहिणाऱ्यानेच सांगावयाचे असते. एकनाथांच्या प्रतीपुढे आपण आजही विचारतो तो प्रश्न हाच आहे.