परसदारचा तलाव

संपादक मंडळाने 'तिकडच्या अनुभवांवर काहीतरी लिही' असे कळवले. नोकरी आणि मुलांची शिक्षणे यांत सांगण्यासारखे विशेष काही नाही. त्यापेक्षा एका तलावाची हकिगत सांगतो. आपल्या इतिहासाच्या बाईंना ती आवडेल असे वाटते.

लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना गावात आमचे घर आहे. घरामागे 1953 सालचा पोहण्याचा तलाव आहे, 36 फूट लांब आणि 18 फूट रुंद. आम्ही घर घेतले तेव्हा त्याचा गिलावा सुटलेला होता आणि तांब्याचे पाइप गळत होते. बुजवायचा की दुरुस्त करायचा, हे ठरवण्यासाठी जुने परवाने आणि घराची खरेदीखते काढली, आणि त्यातून पुढचे सारे वाचन सुरू झाले.

असे तलाव घरोघर झाले ते एका यंत्रामुळे. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांचे हुबेहूब नमुने तयार करणाऱ्या कार्ल एकली याने सिमेंटचा मारा करणारे यंत्र बनवले आणि 1911 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. कोरडे सिमेंट आणि वाळू नळीतून दाबाने येते, तोंडाशी तिला पाणी मिळते आणि मिश्रण थेट सळ्यांच्या जाळीवर बसते. याला गुनाइट म्हणतात. साच्याच्या फळ्या लागत नाहीत, त्यामुळे खड्डा कोणत्याही आकाराचा चालतो आणि काम स्वस्तात होते. तरीही 1950 साली साऱ्या अमेरिकेत जेमतेम 2,500 कुटुंबांकडे जमिनीत बांधलेला तलाव होता. शतक संपेपर्यंत हा आकडा 40 लाखांवर गेला.

एवढी वाढ का झाली? युद्धानंतर आलेला पैसा आणि उपनगरांतली मोठी अंगणे ही कारणे आहेतच. पण इतिहासकार जेफ विल्ट्सी यांनी 2007 च्या आपल्या पुस्तकात आणखी एक कारण मांडले आहे. नगरपालिकांचे तलाव कृष्णवर्णीयांना खुले होऊ लागले, तसे अनेक गोरे लोक तिथून उठून खाजगी क्लबांत आणि स्वतःच्या परसात गेले.

याचे उदाहरण आमच्याच गावात आहे. 1914 साली ब्रुकसाइड पार्कमध्ये नगरपालिकेने मोठा तलाव बांधला. गोऱ्यांखेरीज इतरांना तिथे आठवड्यातून एकच दिवस प्रवेश असे, आणि त्या दिवसाला 'इंटरनॅशनल डे' असे गोंडस नाव होते. तो दिवस संपला की तलाव रिकामा करून धुवायचे आणि गोऱ्यांसाठी पुन्हा भरायचे. कृष्णवर्णीय नागरिक न्यायालयात गेले आणि बरीच वर्षे भांडले. 1947 साली तो सर्वांना खुला झाला.

हे वाचताना मला नववीची सहल आठवली. रायगड उतरून आपण महाडला चवदार तळ्यावर थांबलो होतो, आणि बाईंनी पायऱ्यांवर बसवून 20 मार्च 1927 चा सत्याग्रह सांगितला होता. नगरपालिकेने 1924 सालीच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. बाबासाहेबांनी आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडले. दोन गावे, दोन समाज, आणि दोहोंकडे दुसऱ्याच्या स्पर्शाने पाणी बाटते ही एकच समजूत. अमेरिकेच्या वर्णभेदाला आपण सहज नावे ठेवतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

घराच्या जुन्या खरेदीखतात आणखी एक गोष्ट सापडली. गोऱ्या वंशाखेरीज कोणी या जागेत राहू नये, घरगडी असेल तर चालेल, असे कलम त्यात होते. अशी कलमे न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये दिला. भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व घेण्याचा हक्कही 1946 च्या कायद्याने मिळाला. म्हणजे ज्या पाण्यात मी रोज सकाळी हातपाय मारतो, त्या जागेत एकेकाळी माझ्यासारख्याने फक्त चाकर म्हणून राहायचे होते. आता असे कलम खोडून नवी प्रत नोंदवता येते. ती मी नोंदवली, पण जुन्या पानाची छायाप्रत मुलांसाठी जपून ठेवली आहे.

तलाव बुजवणे सोपे होते. तळाला भोके पाडायची, काठ फोडायचे आणि माती भरायची. आम्ही राखायचे ठरवले, पण होता तसा ठेवला नाही. जुन्या तलावाला तळाशी पाणी ओढणारे एकच तोंड होते. अशा तोंडावर लहान मूल चिकटले, तर ओढीमुळे त्याला सुटता येत नाही. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात 2002 मध्ये अशीच गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि 2007 मध्ये सुरक्षित झाकणांचा कायदा झाला. आम्ही एकाऐवजी दोन तोंडे एकमेकांपासून दूर बसवली, सूर मारायची फळी काढली, कुंपण घातले आणि साडेआठ फुटांची खोल बाजू भरून पाच फुटांवर आणली. पावसाळ्यानंतर लगेच तलाव रिकामा करू नका, असे गवंड्याने बजावले होते. भूजल वर आले असेल तर रिकामा हौद होडीसारखा उचलला जातो.

पूर्वी सुमारे एक लाख लिटर पाणी लागे, आता पाऊण लाखाच्या आसपास लागते. मात्र खोली कमी केली म्हणून बाष्पीभवन कमी होत नाही, कारण पाणी उडते ते पृष्ठभागावरून. या दुष्काळी मुलखात खरी बचत होते ती वरच्या आच्छादनाने. काठची निळी फरशी तेवढी 1953 चीच ठेवली.

शनिवारी गल्लीतली मुले पोहायला शिकायला येतात. कोण कुठल्या घरचे, कुठल्या वर्णाचे, हे कोणी विचारत नाही. आपल्यापैकी कोणाच्या गावी जुनी विहीर, आड किंवा हौद बुजवायचे चालले असेल, तर आधी गाळ काढा, जुने कागद शोधा, आणि तिथे पाणी कोण भरत होते नि कोणाला भरू देत नव्हते, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. ती माणसे गेल्यावर सांगायला कोणी उरणार नाही.