नावाची जागा

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे चुलत बहिणीचं लग्न होतं. अंबड तालुक्यातलं गाव, घरात पन्नासेक माणसं. हळद दळायला कोपऱ्यातलं जातं ओढून काढलं, धुतलं, खुंट्याला आंब्याची पानं बांधली. पाच सवाशिणी बसल्या, पण पाचांतल्या एकीलाही ओवी येत नव्हती. जिला येते ती आजी भिंतीला टेकून बघत होती. आजोबा गेल्यापासून हळदीच्या जात्याला तिचा हात लागत नाही. काकू म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही नुसतं तोंडानं म्हणा की." आजी म्हणाली, "हात फिरल्याबिगर येत नाही, बाई." शेवटी कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं.

मला तेव्हा ती सबब वाटली. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की ही गोष्ट फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ ११२९च्या आसपासचा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे १२९०च्या ज्ञानेश्वरीआधी दीडशेहून अधिक वर्षं. ओवीचा पहिल्या काही उल्लेखांतला हा एक, आणि त्यातही ती कामाला बांधलेली. शाळेत आम्हाला ओवी शिकवली ती ज्ञानेश्वरांची. पण तिला हात लागत नाही, ती वाचता येते. आपल्याच शेजारच्या गंगाखेडची जनाबाई मात्र दळणारी. तिच्यासोबत विठ्ठल दळायला बसतो ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मला ती भक्तीइतकीच दमणुकीची कथा वाटते; पहाटेच्या त्या कामाला दुसरं माणूस हवंच असणार.

आजी रझाकारीच्या साली जन्मली, एवढाच तिच्या वयाचा पुरावा. लग्न होऊन आली तेव्हा घरात अठरा माणसं. रोजची ज्वारी पहाटे कोंबड्याच्या आधी दळायची, दोघी जावा समोरासमोर, एका खुंट्याला दोघींचे हात. एकीनं वैरण घालायची, एकीनं ओळ उचलायची. सासू उठायच्या आत जे बोलायचं ते तिथंच. १९७२च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडायची आणि घरी येऊन मिलो दळायचा. पुढं गावात गिरणी आली. आजीला त्याचं काडीचंही दुःख नाही. "सुटले बाप्पा," म्हणते. ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे आम्ही, ज्यांनी कधी शेरभर दळलेलं नाही.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८०च्या दशकापासून या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. पुढं बर्नार्ड बेल त्यांना मिळाले, संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे. त्यांनी डेटाबेस बांधला आणि तासन्तास ध्वनिमुद्रण केलं. हा साठा पुढं 'परी' या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येत गेला. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज मी तिथंच ऐकला. वनातली सीता त्या अशी सांगतात, जणू शेजारच्या शिवारात राहते.

मी डेटाबेसवर पोट भरतो, त्यामुळे या कामाची किंमत मला कळते. गाणारीचं नाव, गाव, विषय. प्रत्येक ओवी एक नोंद. पण एक गोष्ट मला आजीकडेच कळली.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी वर्षाची तूरडाळ भरडायची होती. या जात्याला कसलंच सोवळं नाही. आजी पाय पसरून बसली, समोर काकू, बाजूला आम्ही नातवंडं आळीपाळीनं. दोन-चार फेरे झाले आणि खरंच आलं. मी फोन तुरीच्या पोत्यावर उभा केला.

तिच्या ओव्यांत नावाची जागा मोकळी असते. भावाची ओवी आहे, पण भाऊ कोण ते त्या त्या वेळी ठरतं. काकूच्या माहेरचं विचारून तिच्या भावाचं नाव घातलं. काका दारात आले, ओवीत गेले. पुण्याहून आलेल्या भावजयीला तर आपलं नाव ऐकून काय करावं तेच सुचेना. नाव लांब असलं की आजी पुढचे शब्द आवळायची, आखूड असलं की 'बाई' घालून भरून काढायची. मग पोरांनीच नावं सुचवायला सुरुवात केली, कुत्र्याचंही, आणि आजीनं तेही बसवलं. आजोबांचं नाव मात्र कुठंच नाही. ते तिनं जन्मभर उखाण्याखेरीज घेतलं नाही.

एका ओवीशी ती थांबली. जातं फिरत राहिलं. तिच्या थोरल्या भावाची ती ओवी. तो दुष्काळातच गेला, एवढं मला आईकडून माहीत होतं. काकूनं मध्येच विचारलं, "कुणाचं घालू?" आजीनं उत्तर दिलं नाही. मग माझ्या धाकट्या बहिणीकडे बघून तिचं नाव घातलं. भावाच्या ओवीत मुलीचं नाव. यमक बसलं नाही, कुणी हरकतही घेतली नाही.

रात्री तिला मुद्रण ऐकवलं. घरघरीत अर्धे शब्द बुडाले आहेत. ते काढून टाकायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे, तसं म्हणालो. ती म्हणाली, "जातं काढलं तर मग काय राहिलं रे?" फाइल तशीच ठेवली आहे, एकेचाळीस मिनिटांची. 'गायिका' या रकान्यात आजीचं नाव आहे. 'भाऊ' या रकान्यात बहिणीचं.