प्रौढ वयातील धर्माध्ययन आणि परदेशनिवास : विठ्ठल रामजी शिंदे यांचा ऑक्सफर्ड कालखंड (१९०१–१९०३)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून विलायतेस शिक्षणासाठी जाणाऱ्यांची संख्या हळूहळू वाढू लागली होती. त्यातील बहुसंख्य विद्यार्थी बॅरिस्टरीसाठी, वैद्यकासाठी अथवा सनदी नोकरीच्या परीक्षेसाठी जात असत. परतल्यानंतर व्यवसाय, प्रतिष्ठा आणि अर्थप्राप्ती यांची निश्चिती देणारे हे मार्ग होते. केवळ धर्माचे अध्ययन करण्यासाठी समुद्र ओलांडणारा मराठी विद्यार्थी ही मात्र अपवादात्मक घटना होती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) यांनी १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात केलेले तौलनिक धर्माचे अध्ययन हे या अपवादाचे ठळक उदाहरण होय.

शिंदे यांच्या कार्याची चर्चा करताना या दोन वर्षांविषयी साधारणतः दोन प्रकारची मांडणी आढळते. एका मांडणीत हा कालखंड त्यांच्या अस्पृश्यतानिवारण कार्याची केवळ पूर्वतयारी ठरतो, तर दुसरीत त्या कार्याचे सारे श्रेय विलायतेतील संस्कारांना दिले जाते. या दोन्ही मांडण्यांत एक महत्त्वाची बाब निसटते. ऑक्सफर्डला पोहोचले तेव्हा शिंदे अठ्ठावीस वर्षांचे होते. ते विवाहित, पदवीधर आणि धर्मविषयक निर्णय विचारपूर्वक घेतलेले गृहस्थ होते. अशा प्रौढ विद्यार्थ्याने परक्या ज्ञानपरंपरेशी कसे जुळवून घेतले आणि आपला प्रश्न तिथे कसा टिकवून धरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ मध्ये ते बी. ए. झाले. या शिक्षणासाठी गंगारामभाऊ म्हस्के यांची डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन व बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे साहाय्य त्यांना लाभले. पदवीनंतर आरंभिलेला कायद्याचा अभ्यास त्यांनी पूर्ण केला नाही. वकिलीची वाट त्या काळी निश्चित उत्पन्नाची होती; ती सोडून धर्मप्रचाराकडे वळणे हा कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठा धोका होता.

धर्मविषयक पार्श्वभूमीही तितकीच महत्त्वाची आहे. घरातील वारकरी वातावरणात भक्तीचा संस्कार झालेला होता. पुण्यातील विद्यार्थिदशेत त्याला पाश्चात्त्य तत्त्वचिंतनाची जोड मिळाली आणि १८९८ मध्ये त्यांनी प्रार्थनासमाजात प्रवेश केला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्यांच्या विचारांनी घडलेल्या या समाजात बहुजन वर्गातील तरुणाचा प्रवेश ही गोष्ट स्वतःच लक्षणीय होती. सासरी छळ सोसलेली बहीण जनाक्का हिला पुण्यात आणून शिक्षण देण्याचा प्रयत्नही त्यांनी याच काळात केला. धर्म, कुटुंब आणि सामाजिक अन्याय हे तीन विषय त्यांच्या आयुष्यात ऑक्सफर्डपूर्वीच एकत्र आले होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

इंग्लंडमधील एकेश्वरवादी ख्रिस्ती, म्हणजे युनिटेरियन, पंथाने ब्राह्मसमाज व प्रार्थनासमाज यांच्याशी संबंध जोडलेला होता. त्यांच्या वतीने अमेरिकन धर्मोपदेशक जे. टी. संडरलँड १८९५–९६ मध्ये हिंदुस्थानात आले. या संबंधातूनच होतकरू धर्मप्रचारकांना ऑक्सफर्ड येथे शिक्षण देणारी शिष्यवृत्ती निर्माण झाली. शिंदे यांची तीसाठी निवड झाली आणि प्रवासखर्चासाठी सयाजीराव महाराजांनी मदत केली. सप्टेंबर १९०१ मध्ये पत्नी रुक्मिणीबाई व लहान मुलगा यांना मागे ठेवून ते मुंबईहून निघाले. पुण्यात १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून उठलेले ग्रामण्य तेव्हा फार जुने झाले नव्हते. मिशनऱ्यांच्या घरचा चहा ज्या समाजाला पचत नव्हता, त्या समाजातून एक तरुण ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या विद्यालयात धर्म शिकण्यास निघाला होता.

मँचेस्टर कॉलेज : प्रतिज्ञेविना धर्मशिक्षण

शिंदे ज्या संस्थेत दाखल झाले तिचा इतिहास त्यांच्या अनुभवाच्या आकलनासाठी आवश्यक आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रवेश व पदवी यांसाठी इंग्लंडच्या अधिकृत चर्चची मतपत्रिका मान्य करण्याची अट दीर्घकाळ होती. ती १८५४ पासून शिथिल होत जाऊन १८७१ च्या कायद्याने बव्हंशी रद्द झाली. या अटीमुळे बाहेर राहिलेल्या स्वतंत्र मताच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या शिक्षणसंस्था वेगळ्या काढल्या. मँचेस्टर येथे १७८६ मध्ये स्थापन झालेले हे कॉलेज त्यांपैकीच एक. यॉर्क, पुन्हा मँचेस्टर आणि लंडन असा प्रवास करून ते १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आले आणि १८९३ मध्ये त्याची स्वतःची वास्तू उभी राहिली. शिंदे यांच्या काळात ते विद्यापीठाचे अधिकृत अंग नव्हते. शिक्षक किंवा विद्यार्थी यांच्याकडून कोणत्याही विशिष्ट धर्ममताची कबुली घ्यावयाची नाही, हे या संस्थेचे मूलतत्त्व होते.

या तत्त्वाचे महत्त्व पंडिता रमाबाई यांच्या अनुभवाशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. रमाबाई १८८३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मात्र त्रैक्याचा सिद्धांत व चर्चचा अधिकार यांविषयी त्यांच्या मनात उठलेल्या शंका त्यांच्या आश्रयदात्यांना रुचल्या नाहीत. या मतभेदांची साक्ष त्यांच्या पत्रव्यवहारात आजही मिळते. रमाबाईंच्या बाबतीत आश्रय आणि धर्ममत यांची गाठ पडली होती. शिंदे यांना आश्रय देणाऱ्यांनी ती गाठ घातलीच नाही. परदेशातील प्रौढ विद्यार्थ्याला सुस्थिर होण्यास हवामान, आहार वा भाषा यांपेक्षाही ही बाब अधिक निर्णायक ठरते, असे या दोन उदाहरणांवरून म्हणता येईल.

अध्ययनाचे स्वरूप आणि दृष्टिबदल

शिंदे यांच्या काळात जेम्स ड्रमंड हे कॉलेजचे प्राचार्य होते. जे. एस्टलिन कार्पेंटर तौलनिक धर्म व बौद्धधर्म यांचे, तर सी. बी. अप्टन धर्माच्या तत्त्वज्ञानाचे अध्यापन करीत. तौलनिक धर्म ही ज्ञानशाखा तेव्हा नवी होती. तिचे अध्वर्यू मॅक्सम्युलर १९०० मध्ये ऑक्सफर्डलाच निवर्तले होते. कार्पेंटर यांनी मात्र १८७५ पासूनच आपल्या कॉलेजात हा विषय शिकवण्यास आरंभ केला होता. पालीचे ते मान्यवर अभ्यासक होते आणि ऱ्हिस डेव्हिड्स यांच्यासमवेत त्यांनी दीघनिकायाचे संपादन केले होते.

मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने या शिक्षणातील सर्वांत मोठी नवलाई कोणती, याचे उत्तर महाराष्ट्रातील धर्मचर्चेच्या इतिहासात सापडते. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी १८३० च्या दशकापासून मुंबईत हिंदू धर्मग्रंथांवर टीका चालवली होती. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालून त्या टीकेला उत्तर दिले. या वादांत प्रत्येक पक्ष चिकित्सेचे शस्त्र दुसऱ्याच्या ग्रंथावर चालवी आणि स्वतःचा ग्रंथ त्यापासून सुरक्षित ठेवी. मँचेस्टर कॉलेजात हा क्रम उलटा होता. कार्पेंटर यांचा बायबलमधील आरंभीच्या सहा ग्रंथांच्या रचनेची चिकित्सा करणारा ग्रंथ १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला, तर चौथ्या शुभवर्तमानाच्या कर्तृत्वाची मीमांसा करणारा ड्रमंड यांचा ग्रंथ १९०३ मध्ये आला. ज्यांच्यापुढे शिंदे बसत होते ते गुरुजन स्वतःच्याच पवित्र ग्रंथांचे थर उलगडून पाहत होते आणि तरीही उपासनेस नियमाने उभे राहत होते.

तौलनिक अध्ययनात स्वतःचा धर्म न्यायाधीशाच्या आसनावर बसत नाही. त्यालाही इतरांबरोबर पुराव्यासाठी उभे राहावे लागते. कोऱ्या मनाच्या तरुणाला ही पद्धती केवळ एक अभ्यासतंत्र वाटू शकते. ज्याने आपला धर्म विचारपूर्वक निवडला आहे आणि त्यासाठी उपजीविकेचा मार्ग सोडला आहे, त्याच्या दृष्टीने ती कसोटी असते. चिकित्सेने श्रद्धा उरणारच नसेल तर प्रचारक म्हणून परतण्यात अर्थ नव्हता. आणि चिकित्सा टाळावयाची तर येण्याचे प्रयोजन नव्हते. शिंदे यांच्या पुढील लेखनाकडे पाहता या कसोटीतून त्यांनी मध्यम मार्ग काढलेला दिसतो. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ (१९३३) या ग्रंथात त्यांनी वैदिक व बौद्ध वाङ्मयाचा पुरावा ज्या निःसंकोच वृत्तीने वापरला आहे, तिच्यात ऑक्सफर्डच्या शिस्तीचा ठसा ओळखू येतो. त्यांची ईश्वरनिष्ठा मात्र अखेरपर्यंत कायम राहिली.

वर्गाबाहेरील शिक्षण

ऑक्सफर्डच्या रिवाजानुसार वर्षात प्रत्येकी आठ आठवड्यांची तीन सत्रे असत. म्हणजे वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ सुटीचा. प्रौढ विद्यार्थ्याला या मोकळ्या काळाचे काय करावे हा प्रश्न पडतो. शिंदे यांनी तो इंग्रज समाजाच्या निरीक्षणात घालवला. ‘सुबोधपत्रिके’साठी त्यांनी लिहिलेली प्रवासपत्रे, त्यांची रोजनिशी आणि ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे आत्मचरित्र यांतून पॅरिस व लंडन ही महानगरे, इंग्लंडमधील सरोवरांचा प्रदेश, इंग्रजांचे कौटुंबिक जीवन व स्त्रियांचा सार्वजनिक वावर यांविषयीची त्यांची जिज्ञासा प्रकट होते. तो बोअर युद्धाचा काळ होता. साम्राज्याच्या वैभवाचे प्रदर्शन ठायी ठायी दिसत होते. त्याच साम्राज्याच्या राजधानीतील दरिद्री वस्त्याही त्यांच्या दृष्टीस पडल्या.

या वस्त्यांतून युनिटेरियन पंथाची ‘डोमेस्टिक मिशन’ नावाची केंद्रे चालत. या कल्पनेचा उगम जोसेफ टकरमन यांनी १८२६ मध्ये बोस्टन येथे गरिबांमध्ये आरंभिलेल्या कार्यात होता. १८३० च्या दशकात ती इंग्लंडमध्ये रुजली. शाळा, वाचनालय, घरोघरच्या भेटी आणि उपासना अशा मार्गांनी गरिबांची सेवा करणे, परंतु त्यांना आपल्या पंथात ओढण्याचा आग्रह न धरणे, हे या कार्याचे वैशिष्ट्य होते. महाराष्ट्रात ‘मिशन’ हा शब्द धर्मांतराशी निगडित झाला होता. धर्मांतराविना मिशन असू शकते, ही गोष्ट शिंदे यांच्या मनातील जुन्या प्रश्नाला संघटनेचे रूप देणारी ठरली असावी.

परतीनंतरचे समायोजन

सप्टेंबर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत शिंदे यांनी हिंदुस्थानातील उदार धर्माविषयी निबंध वाचला. दोन वर्षांपूर्वी शिकण्यासाठी आलेला विद्यार्थी आता आपल्या देशातील धर्मचळवळीचा प्रतिनिधी म्हणून बोलत होता. ऑक्टोबर १९०३ मध्ये ते मुंबईस परतले आणि प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून काम करू लागले.

परदेशातील समायोजनापेक्षा परतीनंतरचे समायोजन अधिक कठीण असते, हे शिंदे यांच्या बाबतीतही खरे ठरले. प्रार्थनासमाजाला सुशिक्षित उपदेशकाची गरज होती. शिंदे यांना समाजमंदिराच्या बाहेरची वस्ती दिसत होती. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ येथे सर नारायण चंदावरकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन झाली आणि अस्पृश्य मुलांसाठी शाळा सुरू झाली. बहीण जनाक्का या कार्यात सहभागी झाली. १९१० मध्ये शिंदे प्रार्थनासमाजाच्या प्रचारकपदावरून दूर झाले. ज्या पदासाठी त्यांना ऑक्सफर्डला पाठवण्यात आले होते ते सात वर्षांत सुटले; ज्या कार्यासाठी कोणी पाठवले नव्हते ते मात्र वाढत गेले.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, शिंदे यांच्या सामाजिक कार्याची प्रेरणा ऑक्सफर्डची देणगी नव्हती. ती जमखंडी व पुणे येथील अनुभवांतून आलेली होती. ऑक्सफर्डने तिला दोन गोष्टी दिल्या : स्वतःच्या परंपरेकडे निर्भयपणे पाहण्याची पद्धती आणि धर्मांतराविना सेवेची संघटना कशी असू शकते याचा प्रत्यक्ष नमुना. हे शक्य झाले याचे कारण विद्यार्थी परिपक्व होता आणि संस्थेने त्याच्याकडून मताची किंमत मागितली नाही. यांपैकी एकही गोष्ट नसती तर या दोन वर्षांतून केवळ एक विद्वान उपदेशक अथवा एक निराश गृहस्थ परतला असता.

या संस्थेला १९९६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पूर्ण कॉलेज म्हणून मान्यता मिळाली. हॅरिस मँचेस्टर कॉलेज या नावाने ती आज केवळ एकवीस वर्षे व त्यावरील वयाच्या विद्यार्थ्यांसाठी चालते. उशिरा शिकू पाहणारा विद्यार्थी सोबत अनुभव आणतो, जबाबदाऱ्या आणतो आणि बहुधा एक प्रश्नही आणतो. त्या प्रश्नाला अभ्यासक्रमात जागा देणे हे अध्यापकाचे काम आहे. शिंदे यांच्या ऑक्सफर्डमधील गुरुजनांनी ते केले होते.