मागेल त्याला काम : एका हमीची कुळकथा

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे अनसिंग हे वाशीम तालुक्यातील मोठे गाव असले, तरी त्याच्या पंचक्रोशीतील शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर चालते. सोयाबीनची सोंगणी, कपाशीची वेचणी आणि तुरीची कापणी आटोपली की भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांच्या हाताला मृगापर्यंत फारसे काम उरत नाही. या रिकाम्या महिन्यांत तांड्यांवरची आणि वस्त्यांवरची काही कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, काही शहरांतील बांधकामांवर पोहोचतात, आणि जी गावातच राहतात त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करून मिळवायचे सरकारी काम, म्हणजे रोजगार हमी योजनेचे काम, एवढाच आधार असतो. सरकारी कागदांत ‘रोहयो’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या योजनेचा जन्म सर्वसाधारणपणे १९७२ च्या दुष्काळात झाला असे सांगितले जाते. परंतु तिचे कूळ शोधू गेल्यास ते त्याहून सुमारे शंभर वर्षे मागे जाते, आणि तेथे तिची दोन घराणी आढळतात : एक, उपाशी माणसाची गरज खरी की खोटी हे श्रमाच्या कसोटीवर पारखणारी इंग्रजी दुष्काळ-संहिता. आणि दुसरे, त्या संहितेतील तरतुदी हक्क म्हणून मागणारे मराठी सार्वजनिक जीवन.

वाशीमच्या मुलखाला पहिल्या घराण्याची ओळख फार कठोर रीतीने झाली. निजामाने १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली दिलेल्या वऱ्हाडात त्या काळी ‘बासीम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात विलीन करण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा म्हणून त्याचा पुनर्जन्म झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले, तेव्हा या जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे ११ टक्क्यांनी घटून १९०१ च्या जनगणनेत ३,५३,४१० एवढी नोंदली गेली. सुपीक काळ्या मातीचा आणि कापसाचा म्हणून ज्या वऱ्हाडाचा लौकिक होता, त्याच्याच एका जिल्ह्याची ही स्थिती होती. याचे कारण असे की दुष्काळात केवळ धान्य नाहीसे होत नाही. पेरणी, निंदणी आणि वेचणीची मजुरीही नाहीशी होते, आणि ज्याच्याकडे विकण्यासारखे श्रमाखेरीज काहीच नाही त्याला बाजारात धान्य असूनही ते घेता येत नाही. दुष्काळात धान्यवाटपापेक्षा मजुरी देणारे काम काढणे अधिक महत्त्वाचे का ठरले, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

त्या कामांचे नियम १८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या भीषण दुष्काळानंतर बांधले गेले. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून १८८३ मध्ये जी नमुना-संहिता तयार झाली, तिच्या धर्तीवर प्रांतोप्रांतीच्या संहिता रचल्या गेल्या. सरकारला एक भीती सतत सतावत होती, ती अशी की मदत सुलभ केली तर गरज नसलेलेही ती घेण्यास येतील आणि तिजोरी रिकामी होईल. यावर संहितेने काढलेला तोडगा असा होता की कोणाची चौकशी न करता काम सर्वांसाठी खुले ठेवावे, मात्र ते इतके कष्टाचे आणि त्याची मजुरी इतकी बेताची असावी की निकड असलेल्याखेरीज दुसरा कोणी तिकडे फिरकणार नाही. पाऊस हुकला की आधी थोडी ‘चाचणी कामे’ काढली जात; त्यांवर माणसे लोटली तर दुष्काळ खरा, न आली तर टंचाई सोसण्याजोगी, असा निष्कर्ष निघे. दुष्काळाचे मोजमाप पर्जन्यमापकाऐवजी खडी फोडणाऱ्या माणसांच्या संख्येवरून करण्याची ही रीत क्रूर होती, हे मान्य करूनही ती प्रशासनाच्या दृष्टीने चतुर होती हे नाकारता येत नाही, कारण अर्जदाराच्या दारिद्र्याचा दाखला मागण्याची गरजच तिने उरू दिली नाही.

दुसऱ्या घराण्याची सुरुवात त्याच दुष्काळात पुण्यात झाली. केंद्र सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामांवरील मजुरी उतरवून ती दिवसाला सुमारे पौंडभर धान्य व वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी त्या दरावर काम करण्याचे नाकारून छावण्या सोडल्या. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने या मजुरांची बाजू उचलून धरली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली माहिती संकलित करून सरकारपुढे ठेवली. पुढे १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखालील सभेने आणखी एक पाऊल टाकले : दुष्काळ-संहितेतील तरतुदी मराठीत छापून तिचे प्रचारक खेडोपाडी गेले आणि सारा-तहकुबी व दुष्काळी कामे या गोष्टी सरकारच्या मेहेरबानीच्या नसून सरकारनेच लिहून दिलेल्या आहेत, असे त्यांनी शेतकऱ्यांना सांगितले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली, यावरून हा प्रचार कोणाला किती झोंबला ते दिसते. अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले पुस्तक रयतेने वाचावे आणि त्याच्या आधारे मागणी करावी, ही कल्पनाच नवी होती.

ही दोन्ही घराणी एकत्र आणण्याचे श्रेय वि. स. पागे यांचे. १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती राहिलेले पागे हे सर्वोदयी वळणाचे आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक होते. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, त्यांच्या सूचनेवरून जो प्रयोग झाला त्याचे वेगळेपण असे की तो दुष्काळाची वाट पाहत नव्हता. पाऊस चांगला झालेल्या वर्षीही शेतमजूर वर्षातील कित्येक महिने बेकार असतो, त्यामुळे कामाची हमी ही संकटकाळची मदत न राहता नित्याची व्यवस्था असावी, हा पागे यांचा आग्रह होता. त्यांना पाठबळ देणारे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे अनसिंगच्या रस्त्यानेच पुढे लागणाऱ्या पुसद तालुक्यातील गहुली या तांड्याच्या गावचे; कोरडवाहू मुलखातील रिकामे महिने त्यांना अहवालांतून समजून घ्यावे लागले नसावेत. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीही १९७१ मधील दारिद्र्यविषयक अभ्यासात ग्रामीण बेकारांना सार्वजनिक कामे पुरवण्याचाच मार्ग सुचवला होता.

योजना १९७२ मध्ये जाहीर झाली आणि लगेच बहात्तरच्या दुष्काळाने तिला गिळले. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात ज्याची तीव्रता सर्वाधिक होती, त्या दुष्काळात १९७३ च्या उन्हाळ्यात टंचाई-निवारणाच्या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्यांची मातीकामे आणि खडीचे ढीग ही त्या वर्षाची खूण ठरली. मात्र या अफाट पसाऱ्याचा एक परिणाम निर्णायक ठरला : शासनाने मनावर घेतले तर लाखो लोकांना काम देता येते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मजुरांना आणि त्यांच्या संघटनांना दुष्काळ ओसरताच कामे बंद होणे मान्य नव्हते. लाल निशाण पक्षाच्या, कम्युनिस्ट आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी त्यासाठी मोर्चे काढले, आणि योजनेने पुन्हा जोर धरला.

पैशाचा प्रश्न ज्या रीतीने सुटला ती या कथेतील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. १९७५ च्या कायद्याने नोकरदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला, त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी राखून ठेवण्यात आले आणि राज्याने आपल्या तिजोरीतून त्यास जोड द्यावी असे ठरले. मुंबईच्या कचेरीत पगारपत्रकावर दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम कोठे जाते, हे बहुतेक पगारदारांना आजही ठाऊक नसते. पण शहरातील कमावत्या वर्गाने खेड्यातील बेकाराची जबाबदारी करातून उचलावी, हे तत्त्व त्या रकान्यात नोंदलेले आहे. त्यानंतर १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या ग्रामीण प्रौढ व्यक्तीने मागणी केल्यावर १५ दिवसांत काम द्यावे आणि ते न दिल्यास दिवसाला किमान १ रुपया बेकारी भत्ता द्यावा, असे बंधन या कायद्याने शासनावर घातले. एक रुपया ही रक्कम त्या काळीही क्षुल्लकच होती. तरीही राज्याने काम न देणे ही चूक असून तिची भरपाई करावी लागते, ही कबुली तीत होती.

जुन्या संहितेचे रक्त मात्र योजनेच्या अंगात वाहतच राहिले. मजुरी रोजाने न देता कामाच्या मापाने देणे, म्हणजे खोदलेल्या मातीचे किंवा फोडलेल्या खडीचे घनमाप घेऊन टोळीत वाटणे, ही पद्धत तिकडूनच आली. आणि माप घेणारा कोण, खड्ड्यात ठेवलेला मातीचा साक्षीदार, म्हणजे मूळ जमिनीची उंची दाखवणारा न खणलेला उंचवटा, कोठे धरला, यावर आठवड्याची मजुरी अवलंबून राहिली. ‘मस्टर’, म्हणजे हजेरीपत्रक, हेही तसेच वारशाने आले : त्यावर खोटी नावे चढली तर निधी गळतो आणि खरी नावे सुटली तर मजुराचा घाम फुकट जातो. नंतरच्या काळात मजुरी बँकेत जमा होऊ लागली आणि जानेवारी २०२३ पासून सामूहिक कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा मजुरांची छायाचित्रे घेणे सक्तीचे झाले, तरी मजुराविषयीचा जुना संशय त्यात कायमच आहे. संहितेने श्रम करू शकणारे आणि न करू शकणारे अशी जी विभागणी केली होती तीही टिकली. वृद्ध, अपंग आणि निराधार विधवांसाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना स्वतंत्रपणे सुरू झाली, ती याच विभागणीची दुसरी बाजू होय.

महाराष्ट्राचे हे अपत्य २००५ मध्ये राष्ट्रीय झाले. संसदेने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली, आणि महाराष्ट्राने त्यापुढील दिवसांचा भार स्वतः उचलून आपली जुनी अमर्याद हमी राखली. २ फेब्रुवारी २००६ रोजी सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात राज्यातील जे १२ जिल्हे होते त्यांत अनसिंगचे शेजारी यवतमाळ आणि हिंगोली होते. वाशीमचा समावेश त्यानंतर झाला. कायद्याची खरी कळ एका साध्या कागदात आहे. मजूर ‘नमुना ४’ भरून ग्रामपंचायतीत कामाची मागणी करतो आणि त्याला तारीख घातलेली पोच मिळते. १५ दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते आणि मुदत टळल्यास पहिले ३० दिवस मजुरीचा किमान चौथा हिस्सा व पुढे किमान निम्मा भत्ता राज्याला द्यावा लागतो. २००५ च्या कायद्याखाली मजुरी केंद्राकडून येई आणि भत्ता राज्याच्या तिजोरीतून जाई, त्यामुळे तारखेची पोच देण्यात दिरंगाई करण्याचा मोह यंत्रणेला का होई हे समजणे कठीण नाही. पोच न घेता तोंडी मागणी करून परतलेला मजूर कायद्याच्या हिशेबात बेकार ठरत नाही.

या साखळीचा ताजा दुवा डिसेंबर २०२५ चा आहे. २००५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात हमीचे दिवस १२५ करण्यात आले, बहुतेक राज्यांच्या खर्चाचा ४० टक्के वाटा त्यांच्यावर टाकण्यात आला आणि पेरणी व कापणीच्या धामधुमीत वर्षाकाठी एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद झाली. हमीची कामे मजूर ओढून नेतात ही मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार महाराष्ट्राच्या योजनेइतकीच जुनी आहे. अनसिंगच्या शिवारात जूनमधील पेरणी आणि ऑक्टोबरमधील सोयाबीनची सोंगणी हे असे दोन काळ येतात. सोंगणीचे काम बहुधा एकरी ठरवून उक्ते घेतले जाते आणि त्यात रोहयोच्या दरापेक्षा, म्हणजे २०२५-२६ मधील दिवसाच्या ३१२ रुपयांपेक्षा, अधिक पैसे सुटत असल्याने त्या दिवसांत मजूर तसाही योजनेकडे वळत नाही. बंदीची झळ लागेल ती पाऊस लांबून पेरणी खोळंबलेल्या वर्षी, जेव्हा शेतात काम नसेल आणि सरकारी काम नियमाने बंद असेल.