तिरक्या रेघेची कुळकथा

अंश वर आणि छेद खाली, ही अपूर्णांकाची मांडणी भारतीय गणितात जुनी. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ रचली, तेव्हाही दोन संख्या नुसत्या एकाखाली एक मांडत. मधे रेघ नसे. आडवी रेघ बाराव्या शतकात मगरिबातल्या (वायव्य आफ्रिकेतल्या) अल-हस्सार या गणितज्ञाच्या लेखनात दिसते. फिबोनाचीने १२०२ च्या ‘लिबेर अबाची’त तीच वापरली.

हाताने लिहायला ही रेघ सोयीची, पण छापखान्यात तिने कंपोझिटरला जेरीस आणले. मजकुराच्या मधेच अपूर्णांक आला की अंश, रेघ आणि छेद वेगवेगळे जुळवायचे, भोवतालची पोकळी शिशाच्या तुकड्यांनी भरायची. एवढे करूनही ती ओळ शेजारच्या ओळींना दूर ढकलायची आणि पान विसकटायचे.

गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८४५ मध्ये उपाय सुचवला: तिरकी रेघ घ्या, म्हणजे सगळे एका ओळीत बसेल. तिला वजन आले ते १८८० मध्ये, केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी आपल्या संकलित लेखांच्या पहिल्या खंडात ती वापरली तेव्हा. गणितज्ञ आर्थर केली यांनी स्टोक्सना गमतीने कळवले की, मुद्रकांचा छळ थांबवणाऱ्या मंडळाचे अध्यक्षपद तुम्हालाच शोभेल.

ओळ सरळ झाली, पण एक संदिग्धता आली. ‘१/२क्ष’ म्हणजे क्षची निमपट, की २क्षने भागलेला एक? इथे कंस हवाच: (१/२)क्ष किंवा १/(२क्ष). गुंतागुंतीचे सूत्र असेल तर त्याला स्वतंत्र ओळ द्यावी आणि आडवी रेघच ठेवावी.

साध्या मजकुरात धोका वेगळा. पाककृतीतल्या ‘२ १/२ वाट्या’मधली जागा निसटली की ‘२१/२’ होते, म्हणजे साडेदहा! त्यासाठी ½, ¼, ¾ अशी लहान अंकांची जोडचिन्हे आहेत. युनिकोडमध्ये त्यांचे अंक इंग्रजी वळणाचेच आहेत. देवनागरी अंकांसाठी अपूर्णांकाची खास तिरकी रेघ वापरता येते, पण अंक लहान होऊन नीट बसणे फाँटवर अवलंबून. फाँट साथ देत नसेल तर मराठीत सरळ ‘अडीच वाट्या’ लिहावे. पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. ते ओळ मोडत नाहीत आणि वाचणाऱ्याला चकवतही नाहीत.